अस्वलाचे डोळे

कापडाच्या उलट्या बाजूला ताईंनी खडूने काढलेली रेघ पुठ्ठ्याच्या साच्याला अगदी चिकटून आली होती. अस्वलाच्या कानाच्या वळणावर मात्र ती साच्यापासून सुटली, तीन मिलिमीटर बाहेर गेली आणि वळण संपताना पुन्हा साच्याला येऊन मिळाली. ताईंना ते दिसलं नव्हतं. त्यांनी खडू खाली ठेवला, बोटांवरची भुकटी झटकली आणि कापड माझ्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या कुणाची रेघ एवढीशी चुकली असती तर माझ्या लक्षातही आलं नसतं. पण ताई, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, निवृत्त होईपर्यंत पुलांचे नकाशे काढायच्या. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना त्यांच्या हातची रेघ नमुना म्हणून दाखवली जायची. नवरा सांगतो, लहानपणी ताईने भिंतीवर पेन्सिलीने त्याच्या उंचीची खूण केली तर आई ती पुसायची नाही, इतकी ती नेटकी असायची. आता त्याच हाताची रेघ वळणावर सुटत होती. हात शाबूत होता. साथ सोडली होती ती डोळ्यांनी.

त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, डाव्यातही तो बराच वाढला होता. हे कळायला मला रेघ बघायची गरज नव्हती. मी डोळ्यांची सर्जन आहे; तो मोतीबिंदू मीच शोधला होता. त्यावरचा उपायही मला पाठ होता. धूसर झालेलं भिंग काढायचं आणि त्या जागी स्वच्छ भिंग बसवायचं. जन्मभर केलेलं काम. तरी ताईंनी विषय काढला की मी म्हणायचे, अजून पिकला नाही, थांबू या जरा.

मोतीबिंदू पिकण्याची वाट बघायचे दिवस केव्हाच गेले. उलट जितकं थांबावं तितकं ते भिंग घट्ट होत जातं आणि काढायला अवघड पडतं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. ताईंना मात्र वेगळं सांगत होते, आणि त्याचं कारण त्यांच्या डोळ्यात नव्हतं, माझ्या उजव्या हातात होतं.

मनगट टेकलेलं असलं की काही नाही. हात अधांतरी धरला की बोटांच्या टोकांशी एक बारीक कंप सुरू व्हायचा. नुसत्या डोळ्यांनी तो जेमतेम दिसे. मायक्रोस्कोपखाली चिमट्याचं टोक वाऱ्यावरच्या गवतासारखं हलायचं. दुसऱ्या शहरात माझा एक वर्गमित्र मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. त्याच्याकडे जाऊन मी तपासून घेतलं. त्याने मला कागदावर गोल गोल रेघा काढायला लावल्या, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतायला लावलं, खोलीत येरझाऱ्या घालायला लावल्या आणि सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. हा कंप जिवाला धोक्याचा नाही, पुष्कळ घराण्यांत चालत येतो, सावकाश वाढेल. त्याने गोळी लिहून दिली. ऑपरेशनं करायची की नाही, हे मात्र माझ्यावर सोडलं. "तुझ्या हातांबद्दल तुला सांगणारा मी कोण?" म्हणाला.

गोळीने बरं वाटलं. मनगटाखाली उंच टेकू घेतला की आणखी बरं. एकाही पेशंटचं वाईट झालं नाही, आणि होऊ नये म्हणून अवघड ऑपरेशनं मी माझ्या हाताखालच्या तरुण सर्जनकडे सोपवायला लागले. तिला हॉस्पिटलमध्ये सगळे धाकट्या डॉक्टर म्हणतात. आज बैठक आहे, आज तपासणीची गर्दी आहे, अशी कारणं माझ्याकडे तयार असत. कुणालाही संशय आला नव्हता. नवऱ्यालाही नाही. आणि खरी अडचण तीच होती. काही बिघडलं असतं तर निर्णय आपोआप झाला असता. बिघडायच्या आधी थांबायचं, तर ते कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं होतं, आणि म्हणणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. वाक्य साधं होतं. ते ओठांपर्यंत यायचं आणि मी त्याला परत पाठवायचे.

ताईंचं म्हणणं तर ठाम होतं. डोळा देईन तर आमच्या डॉक्टरच्या हातात देईन. नाहीतर राहू दे धुकं, मला कुठे आता विमान चालवायचंय.

असं दोन्हीकडून अडलेलं होतं, आणि मध्ये ताईंची दृष्टी होती.

अस्वलं शिवण्याचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला. बाजारात मिळतात तसली लिबलिबीत नव्हेत. हातपाय आणि मान फिरणारी, आत चकत्यांवर सांधे बसवलेली, बसवलं तर बसणारी आणि टेकवलं तर उभी राहणारी. नात्यात, शेजारात कुणाकडे बाळ झालं की ताईंचं अस्वल तिथे पोचायचं. आमच्या पुतणीच्या अस्वलाचा एक कान तिने चावून चावून चपटा केला तेव्हा ताईंनी तो उसवून नवा लावला आणि जुना तिला वेगळा देऊन टाकला, चघळायला.

रेघ सुटली त्या रविवारी त्या एक मोठी कापडी पिशवी घेऊन आल्या आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर उपडी केली. तपकिरी लवदार कापड, पुठ्ठ्याचे साचे, कापूस, सुयांचा डबा. म्हणाल्या, मला आता सुई दिसत नाही आणि दोरा त्याहून दिसत नाही. मागच्या अस्वलाचा पाय मी पोटाला शिवला. तेव्हा आता तू शीव, मी सांगते.

मी म्हटलं, मी आयुष्यात बटणसुद्धा लावलेलं नाही. पेपराआडून नवऱ्याने लगेच साक्ष दिली की हे खरं आहे, घरातली सगळी बटणं तोच लावतो.

"जन्मभर लोकांच्या डोळ्यांना टाके घातलेस," ताई म्हणाल्या, "आणि अस्वल शिवायला जड आहे होय? त्याला तर भूलही द्यावी लागत नाही."

मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांचा हा नाद थांबायला मी कारण होते, आणि ते मला एकटीलाच ठाऊक होतं. मी कात्री उचलली आणि कानाच्या वळणावर ती गुपचूप तीन मिलिमीटर आत घेतली.

पहिलीच चूक तिथे झाली. लवदार कापड कापायचं ते पाठीकडून, आणि कात्रीचं नुसतं टोक घालून, म्हणजे पाठ कापली जाते आणि लव शाबूत राहते. मी साध्या कापडासारखी अख्खी पाती चालवली. कान उलटला तर त्याची लव काठापाशी सपाट छाटलेली. नवरा पेपर ठेवून बघायला आला आणि म्हणाला, अस्वल सैन्यात भरती झालेलं दिसतंय. ताईंनी कानावरून बोट फिरवलं, हसल्या आणि दुसरं कापड पुढे केलं.

मग सुरू झालं शिवण. ताई माझ्यासमोर बसायच्या, हातात साचे घेऊन, कुठला तुकडा कुठल्याला जोडायचा ते सांगत. मी सुई धरायचे. हात कापायचा. सुईचं टोक ठरलेल्या जागेच्या आजूबाजूला घुटमळायचं आणि मग कुठेतरी आत शिरायचं. टाके समान पडत नव्हते, एक जवळ, एक लांब. ताईंना ते दिसत नव्हतं. त्यांना मी म्हणजे खिडकीच्या उजेडातला एक मऊ आकार दिसत असणार.

पहिल्या दुपारी मला जाणवलं की माझे खांदे खाली आले आहेत. मागच्या कितीतरी महिन्यांत ते खाली आले नव्हते. हात लपवायच्या माझ्या सवयी झाल्या होत्या: कप दोन्ही हातांनी धरायचा, सही करताना टेबलाला मनगट दाबायचं, काही दाखवायचं तर बोटाऐवजी पेनाने दाखवायचं आणि तेही कागदावर टेकवून. त्या टेबलाशी मी सगळं सोडून दिलं. हात मनसोक्त कापू दिला. सुई चुकली तर काय होणार होतं? अस्वलाचा पाय जरा तिरपा झाला असता.

आणि तोही दिसला नसता. तुकडा उलटवला, सुईच्या टोकाने शिवणीतली अडकलेली लव बाहेर ओढली, की माझे सगळे वेडेवाकडे टाके त्या लवेखाली गडप व्हायचे. मी भिंगाखाली धरून पाहिलं. शिवण सापडत नव्हती. डोळ्यात असं काही झाकलं जात नाही. तिथे सगळं पारदर्शक असतं, केलेलं आणि न केलेलंही. मी तो पाय बराच वेळ हातात धरून बसले.

पोटाच्या शिवणीवर मात्र आमचं चांगलंच वाजलं. ताईंनी सांगितलं होतं, उलटी टीप घाल, एकच दोरा शेवटपर्यंत. मी मान हलवली आणि हाताने आपलं मनाचं केलं. प्रत्येक टाका वेगळा घातला, प्रत्येकाला वेगळी गाठ मारली, दोरा कापला, पुढचा टाका. डोळ्याला आम्ही टाके असेच घालतो. ताईंनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय, जपमाळ केलीस का? इतक्या गाठी कशाला?"

मी समजावलं की प्रत्येक टाका स्वतंत्र असला म्हणजे एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. पेशंट खोकला, शिंकला, तरी जखम उघडत नाही.

"अस्वल खोकणार आहे का?"

नाही, म्हटलं.

"मग उसव."

मी म्हटलं की राहू दे, मजबूत आहे. त्या म्हणाल्या, मजबूत आहे पण कापूस भरल्यावर प्रत्येक दोन गाठींच्या मध्ये फट पडेल आणि पोटातून कापूस डोकावेल, मग बस तू रोज ड्रेसिंग करत. भरून बघितलं. डोकावला. नवऱ्याने सुचवलं की त्याला एक दिवस दाखल करून घ्या, आणि आम्ही दोघींनी एकदम त्याला आत जायला सांगितलं. मी सगळ्या गाठी एकेक करून कापल्या. पुन्हा शिवलं, एकाच दोऱ्याने, दर टाक्याला अर्धं मागे येऊन पुढे जात. मागे येऊन पुढे जाण्यात एक लय होती. हात त्या लयीत कापत राहिला आणि शिवण पुढे जात राहिली.

मधल्या आठवड्यांत हॉस्पिटल चालूच होतं. एक दिवस अवघड ऑपरेशन आलं. म्हातारे गृहस्थ होते, एकाच डोळ्याने दिसणारे, आणि त्या डोळ्यातलं भिंग जुन्या मारामुळे आपल्या जागेवरून सुटून लोंबणारं. मी ते धाकट्या डॉक्टरला दिलं आणि शेजारच्या मायक्रोस्कोपमधून बघत बसले. एरवी मी दुसऱ्याचं ऑपरेशन बघते तेव्हा माझी बोटं मांडीवर आपोआप हलतात, त्याच्याऐवजी मीच करत असल्यासारखी. त्या दिवशी ती स्वस्थ होती. धाकट्या डॉक्टरने ते सुटलेलं भिंग जराही घाई न करता सावरलं, आधार दिला, विरघळवून काढलं. एका जागी मी थांबले असते तिथे ती थांबली. दुसऱ्या एका जागी मी पुढे गेले असते तिथेही ती थांबली, आणि तिचं बरोबर होतं.

बाहेर हात धुताना तिने विचारलं, "मॅडम, ताईंची तारीख कधी घालू या? मागच्या तपासणीत मी पाहिलं, भिंग बरंच घट्ट झालंय. आणखी थांबलो तर तुम्हालाच त्रास होईल."

मी म्हटलं, बघते.  तिला माझ्या हाताचं ठाऊक नव्हतं. तिला वाटलं असेल की घरच्या माणसावर सुरी चालवायला मॅडम कचरतात. मी नळ बंद केला. तिला माझ्या त्रासाची काळजी होती आणि मला ताईंच्या डोळ्याची असायला हवी होती.

इकडे ताईंचं काही वेगळंच चाललं होतं. कापूस भरताना त्या डोळे मिटून बसायला लागल्या. म्हणायच्या, हाताने जास्त कळतं. पायाच्या पंजात कापूस घट्ट हवा, मांडीत जरा सैल, हे त्या चाचपून सांगत आणि ते बरोबर असे. एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की ज्यांना अजिबात दिसत नाही ते गॅसची ज्योत लहान-मोठी कशी करतात. मी म्हटलं, आवाजावरून, अंदाजाने. त्यांनी मान डोलावली. एकदा म्हणाल्या, आमच्या जिन्याखालच्या कपड्यांच्या दुकानाच्या दारात एका बाईंना मी रोज कशा आहात विचारते, आज कळलं की तो कपडे अडकवायचा पुतळा आहे. पण स्वभावाने चांगला आहे, कधी उलटून बोलला नाही. आम्ही पोट धरून हसलो. मग पिशवी आवरता आवरता त्यांनी सांगितलं की घरातलं उरलेलं सगळं लवदार कापड त्यांनी शेजारच्या शिवणवर्गाला देऊन टाकलं. हे आपलं शेवटचं अस्वल, तू केलेलं.

मी विचारलं, शेवटचं का? त्या म्हणाल्या, असंच. आणि उठल्या, आणि दाराच्या चौकटीला हात लावून, चाचपत बाहेर पडल्या.

पुढच्या रविवारी डोळे लावायचे होते. नवरा आतल्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत होता. मधूनमधून खरखर ऐकू यायची. अस्वल टेबलावर बसलं होतं, धड, हात, पाय, कान, नाक, सगळं जागच्या जागी, आणि चेहरा नव्हता. नाक मी काळ्या दोऱ्याने भरलं होतं, जरा डावीकडे गेलं होतं.

डोळे काळ्या काचेचे, मागे तारेचं बारीक कडं असलेले. आधी टाचण्या खोचून जागा ठरवायची असते. हे तरी मला येतं, असं मनाशी म्हणत मी मोजपट्टी घेतली, डोक्याचा मध्य काढला, दोन्हीकडे सारखं अंतर मोजलं आणि टाचण्या खोचल्या. ताईंनी अस्वलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंगठ्यांनी टाचण्यांची डोकी चाचपली.

"हा तपासणीला बसलाय," त्या म्हणाल्या. "वरच्या ओळीतलं अक्षर वाचायला सांगितल्यासारखा."

माणसाच्या कवटीत डोळे असतात तिथे मी ते ठेवले होते. ताईंनी सांगितलं, खाली घे, जवळ घे, मोजू नकोस, नाकाकडे बघून ठरव; नाक डावीकडे गेलंय तर डोळेही जरा डावीकडे जाऊ देत, म्हणजे मान कलून ऐकतोय असं वाटेल. मी मोजपट्टी बाजूला ठेवली. टाचण्या काढल्या, खोचल्या, पुन्हा काढल्या. एका क्षणी समोर कुणीतरी होतं. ते नक्की कधी झालं हे मला सांगता येणार नाही.

डोळा बसवायचा म्हणजे कड्यात मेण लावलेला दुहेरी दोरा घालायचा, लांब सुईने तो डोक्यातून आरपार मानेच्या मागे काढायचा, आणि दोन्ही टोकं ओढून गाठ मारायची, म्हणजे डोळा कापसात रुततो. पहिला डोळा नीट बसला. दुसऱ्याला दोरा सैल पडायला लागला. गाठ आवळेपर्यंत ताण सुटायचा.

"थांब," ताई म्हणाल्या, "मी बोट ठेवते." पुडक्याला दोरी बांधताना दुसरा ठेवतो तसं त्यांनी गाठीच्या जागी बोट दाबून धरलं. मी दोन्ही टोकं उचलली, हात अधांतरी घेतले आणि ओढले. दोरा तारेसारखा ताणला गेला.

ताणलेला दोरा काही लपवत नाही. माझ्या बोटांतला कंप त्यातून जसाच्या तसा खाली गेला आणि ताईंच्या बोटाखाली थांबला. त्यांनी डोकं किंचित कलवलं, जसं आपण भिंतीपलीकडचं काही ऐकताना करतो. बोट उचललं नाही.

"तुझा हात कापतोय," त्या म्हणाल्या.

 आतून रेडिओची खरखर आली आणि थांबली.

"दमली असशील," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "सोड, चहा घेऊ, मग बांधू."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. दमले आहे, म्हणायचं आणि सुटायचं. आणखी एक रविवार, आणखी एक महिना. पण दोऱ्याची टोकं माझ्या हातात होती, पलीकडे ताईंचं बोट होतं, आणि मला एकदम समजलं की जे सांगायची मी इतकी धास्ती घेतली होती ते अर्धं सांगून झालं आहे, आणि काहीही कोसळलेलं नाही. अस्वलाचा डोळा आपल्या जागी बसला होता. मी गाठ मारली, दुसरी मारली, दोरा कापला.

"दमले नाही," मी म्हटलं. "तो कापतो. रोज."

मग मी त्यांना सांगितलं, सगळं, क्रमाने. वर्गमित्राकडे गेले ते, गोळी, टेकू, धाकट्या डॉक्टरला दिलेली ऑपरेशनं. जिवाला धोका नाही हे दोनदा सांगितलं, कारण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. शेवटी सांगितलं की त्यांचा मोतीबिंदू पिकायची वाट बघायचं काहीच कारण नव्हतं. तो केव्हाच काढायला हवा होता. त्यांना माझ्याशिवाय कुणी नको होतं, आणि मला माझ्या हाताची खात्री नव्हती, आणि ते बोलवत नव्हतं.

ताईंनी माझं मनगट सोडलं.

"म्हणजे नुसता मोतीबिंदूच आहे?"

मी म्हटलं, हो.

"मागे काही नाही? पडद्याला, शिरेला, काही भलतंसलतं?"

"काही नाही, ताई. पडदा उत्तम आहे. मोतीबिंदू काढला की तुम्हाला सुई दिसेल."

त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि एक मोठा श्वास सोडला, इतका मोठा की टेबलावरचा कापूस हलला. मग हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. त्यांना वाटत होतं की मला त्यांच्या डोळ्यात काहीतरी वाईट सापडलंय, ज्यावर उपाय नाही, आणि घरचं माणूस म्हणून माझी सांगायची हिंमत होत नाही. इतके दिवस विचारलं की आमची डॉक्टर नजर चुकवते, मग दुसरं काय समजायचं? त्या घरी डोळे मिटून चहा करायला शिकल्या होत्या. जिन्याच्या पायऱ्या पाठ केल्या होत्या. मला त्रास नको म्हणून खोदून विचारत नव्हत्या.

 आम्ही दोघी एकमेकींना सांभाळत बसलो होतो.

"शहाणे," त्या म्हणाल्या, "मी सगळं कापड वाटून टाकलं गं. आता कुठल्या तोंडाने परत मागू?"

मी म्हटलं, मी मागते, मला लाज कमी आहे. त्यांनी मला चापट मारली. मग अस्वल उचलून छातीशी धरलं, त्याच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवला आणि कामाचं काही विचारावं तसं विचारलं, त्या धाकट्या मुलीचा हात कसा आहे?

हा प्रश्न मला हवा तसा होता, उत्तर देता येण्याजोगा. मी तिचं ते लोंबत्या भिंगाचं ऑपरेशन आठवलं.

"माझ्यापेक्षा चांगला," मी म्हटलं. "आत्ताचं नाही म्हणत. माझा हात उत्तम होता तेव्हापेक्षाही."

हे म्हणताना मला कुठेतरी खुपेल असं वाटलं होतं. मी वाट पाहिली. खुपलं नाही. उलट, ऑपरेशननंतर पट्टी काढताना पेशंट पापणी उघडतो आणि आपण नकळत रोखलेला श्वास सुटतो, तसं काहीसं झालं.

"मग तिला सांग, या आठवड्यात माझं उरकून टाक म्हणावं," ताई म्हणाल्या. "तू शेजारी बस. माझा हात धर. कापला तर कापू दे, मला कंटाळा येणार नाही."

मी कबूल केलं. टेबलावर कापसाचे पुंजके, दोऱ्याचे तुकडे, उसवलेल्या गाठी पसरल्या होत्या. मी ते गोळा करायला लागले.

"आणि तू?" ताईंनी विचारलं. "माझं झालं. तुझं काय? त्या बाकीच्या लोकांचं?"

आत रेडिओवर कुणीतरी बोलायला लागलं होतं. दुरुस्त झाला होता बहुतेक. मग नवऱ्याने तो बंद केला. तो ऐकत होता. मी हातातला कापूस खाली ठेवला. ते वाक्य मी मनात कितीदा घडवलं होतं, कधी अर्जाच्या भाषेत, कधी समारंभात निरोप घेतल्यासारखं, कधी विनोद करून. त्यातलं एकही मला आता आठवेना, आणि त्याची गरजही पडली नाही. आतल्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात मी म्हणाले,

"मी शिकवणार आहे, पेशंट तपासणार आहे. पण ऑपरेशनं थांबवतेय, ताई. उद्यापासून."